अडीच इंच

दिदो गेले मार्चमध्ये, बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत असताना.
वाटणीत बोहदानला ट्रॅक्टर, मला ही दुनळी:
बेल्जियमची, सोळा बोअरची, लोकरी मोज्यांत गुंडाळलेली,
दस्त्यावर त्यांच्या गालाने काळवंडलेली एक जागा.

नळ्यांवर लाटा आहेत.
लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या
पिळून, तापवून, ठोकून एकजीव केलेल्या.
उजेडात धरलं की वाटतं
वाळूवरून पाणी आत्ताच मागे सरलंय.

बोहदानने दुकानातून लाल काडतुसांची पेटी आणली.
"सोळाची आहेत. सोळाला बसतील."
बसली.
कुरकुर न करता आत गेली, बंदूक मिटली,
चांगल्या सुताराने केलेला खण मिटावा तशी.
रानहंस दलदलीवर उतरत होते.
मी पुन्हा उघडली. काडतुसं काढून खिशात टाकली.
का, ते बोहदानने विचारलं. मला सांगता आलं नाही.

एब्राम थीसनचं वर्कशॉप डॉफिनच्या पुढे, रेल्वेच्या फाटकापाशी.
ते आधी हात पुसतात, मग बंदुकीला नमस्कार केल्यासारखे वाकतात.
पितळी माप आत सोडलं.
"अडीच इंच. तुझं काडतूस पावणेतीनचं."
"पण बसलं की!"
"बसणारच. मिटलेलं असतं तोवर ते लहान.
उडताना तोंड उलगडतं,
आणि उलगडायला तिथे पाव इंच कमी.
मग दाब कुठे जाणार?"
त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं,
जो नळीखाली असता.

नळ्यांच्या पोटाशी बारीक शिक्के होते,
एक मुकुट, दोन अक्षरं, नखाएवढी.
म्हणजे काळ्या दारूवर पारखलेली.
काळी दारू ढकलते, म्हणाले थीसन,
नवी ठोसा मारते.
मग भिंतीची जाडी मोजली, बोटाबोटाने पुढे सरकत,
आणि डाव्या नळीत एका जागी थांबले.
आतून गंजाचा खड्डा, देवीच्या व्रणासारखा.
"हिच्यात काही घालायचं नाही. हलकंसुद्धा नाही."
"आणि उजवीत?"
ते बराच वेळ बोलले नाहीत.
स्टोव्हवर कॉफी उतू गेली.

पोलादी छर्रे नकोत, ही नळी मऊ आहे.
शिसं नको, पाणपक्ष्यांवर कायद्याने बंद.
उरलं बिस्मथ, अडीच इंची, कमी दाबाचं,
इंग्लंडहून मागवावं लागेल, एकेक काडतूस
रविवारच्या जेवणाच्या भावात.
"पेटीवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस," म्हणाले,
"आल्यावर इकडे घेऊन ये."

घरी येऊन दुसरा मोजा झटकला, तेव्हा अंगठ्याच्या टोकातून
एक कागदी काडतूस पडलं, फिकट हिरवं.
घडीच्या फूटपट्टीने मोजलं:
मिटलेलं, त्यांच्या काळचं, बरोबर मापाचं.
म्हणजे दिदोंना माहीत होतं.
चाळीस वर्षं एकाच टेबलावर जेवलो,
आणि त्यांनी कधी उल्लेखही केला नाही,
जसा त्या धाकट्या भावाचा, ज्याचं फक्त नाव
क्रॉसवर वाचलं होतं मी.
ते काडतूस नळीत घालून पाहिलं. जाईना.
ओल लागून फुगलं होतं.

पेटी आली नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.
तळं तोवर गोठलेलं, हंस गेलेले,
दलदलीवर नुसती लव्हाळ्यांची काडं.
थीसननी त्यातली तीन मोजली, मान हलवली.
बोहदान म्हणाला, आता भिंतीवर टांग.

मी टांगली नाही.
चापाच्या कडीला एक पुठ्ठा बांधला,
त्याच्या धाकट्या लेकीला वाचता येईल अशा अक्षरांत:
अडीच इंच. बिस्मथ. कमी दाब.
डावी कधीच नाही.
मग पुठ्ठा उलटा केला
आणि मागे लिहायला सुरुवात केली,
दिदोंना एक धाकटा भाऊ होता.